दायोक्कूबद्दल माफी नाही

९ जाने. १९६२, वणी

आठवी ब, तिसरा तास. आज वर्ग हातातून सुटला. का सुटला ते अजून कळलेलं नाही.

धडा प्राचीन इराणचा. क्रमिक पुस्तकात मीड लोकांना जेमतेम दोन ओळी. पारसिकांच्या आधी यांचं राज्य होतं, पहिला राजा दायोक्कू, चला पुढे. एवढ्यावर मुलांनी काय करायचं? म्हणून ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलेली गोष्टच सांगितली. दायोक्कू मूळचा खेड्यातला माणूस. लोकांची भांडणं सोडवायचा. निवाडा इतका सरळ की आजूबाजूच्या गावांहूनही लोक यायला लागले. मग एक दिवस म्हणाला, दिवसभर दुसऱ्यांची भांडणं मिटवत बसलो तर माझं घर कोण बघणार? आणि बसणं बंद. चोऱ्यामाऱ्या वाढल्या. लोकांनी सभा भरवून त्यालाच राजा केलं. राजा झाल्याबरोबर त्याने वाडा बांधून घेतला, भोवती एकात एक सात तट, प्रत्येकाचा रंग वेगळा. आत जाऊन बसला तो बसलाच. भेटायचं नाही. तक्रार लिहून आत पाठवायची, निकाल लिहून बाहेर येणार. आणि राजासमोर हसायला व थुंकायला मनाई.

थुंकायला म्हटलं मात्र, अख्खा वर्ग खिदळायला लागला. मागच्या बाकावरची मुलगी हसता हसता उचक्या द्यायला लागली. पट्टी आपटली तरी थांबेनात. मी विनोद केला नव्हता. रागच आला.

११ जाने.

उलगडा झाला. फुप्पीने केला.

जूनपासून मी इथे फुप्पीकडे, अब्बांच्या बहिणीकडे राहते, मोटार स्टँडच्या मागे. यवतमाळहून आले, शाळा आणि हे घर याच्यापलीकडे गाव पाहिलेलं नाही. रोट्या लाटताना तिला सहज गोष्ट सांगितली तर लाटणं हातात धरून बघतच राहिली. म्हणाली, "अरी, ये तो अपने दादासाब का किस्सा है! किसने बताया तुझे?"

दादासाहेब म्हणजे आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. पूर्वी आपल्या कापसाच्या जिनिंगसमोर चिंचेखाली बसून धुऱ्याची (शेताच्या बांधाची), विहिरीची, भावाभावांची भांडणं सोडवायचे म्हणे. कोर्टात जाण्याआधी लोक त्यांच्याकडे जायचे. आता नवा बंगला. बाहेरची भिंत निळी, आत दुसरी पांढरी. फाटकावर गुरखा, आत कारकून, त्याच्याकडे चिठ्ठी द्यायची आणि बाकावर बसायचं. बाकाच्या वर पाटी, येथे थुंकू नये. उन्हाळ्यात जिल्हा परिषदेच्या निवडणुका, दादासाहेब उभे राहणार.

खुदाची शपथ, मला यातलं काही माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी सांगितलीच असती.

१५ जाने.

आधी हातावर तिळगूळ, मग खुर्चीत बसवून झाडाझडती. हेडमास्तर (यापुढे हे.मा.) म्हणजे घाबरट पण वाईट नव्हे असा माणूस. बंगल्याच्या निळ्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने एवढ्या मोठ्या अक्षरात ‘दायोक्कू’ लिहिलंय. दादासाहेबांनी विचारलं, हा कोण? कुणीतरी सांगितलं.

"बाई, एवढं मोठं जग हाय. अशोक हाय, सिकंदर हाय. तुमाले हाच सापडला काय?"

"पुस्तकात आहे सर."

"पुस्तकात दोन ओळी हायत. थुंकायचं कुठी हाय त्यात?"

दोन गोष्टी करायच्या आहेत. एक, दादासाहेबांची लेखी माफी. दोन, वर्गात उभं राहून सांगायचं की गोष्ट खोटी आहे. नाहीतर एप्रिलमध्ये मला कायम करायचा विषय निघणार नाही. विषय न निघणे म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही, मलाही विचारावं लागलं नाही. यवतमाळला परत. आणि परत म्हणजे दारव्ह्याचं ते स्थळ, कापडदुकानवाले, ज्यांची पहिली अट की मुलगी नोकरी करणार नाही.

म्हटलं, "विचार करते." विचार कसला करायचाय. तोंडातून आलं तेवढंच.

१७ जाने.

विचार करण्यासारखं निघालं खरं. नागपूरहून आणलेलं जाड पुस्तक पुन्हा काढलं.

गंमत अशी की गोष्ट खोटी असू शकते. ग्रीकाने ती दायोक्कूच्या दोन-अडीचशे वर्षांनंतर लिहिली, तीही ऐकीव. दायोक्कूच्याच काळातल्या असिरियाच्या राजाच्या कोरीव लेखात एक दायुक्कू आहे, पण तो राजा नाही. डोंगराकडचा छोटा सरदार. असिरियाविरुद्ध कट केला, पकडला गेला, बायकामुलांसकट दूर देशी पाठवला गेला. सात तट नाहीत, राज्य नाही, काही नाही. तोच हा की दुसराच, विद्वानांचं एकमत नाही.

म्हणजे हे.मा. सांगतात ते वाक्य मी एरवी आपणहून बोलले असते. "मुलांनो, ही गोष्ट खरी असेलच असं नाही." किती सोपं. पण आता कुणाच्या सांगण्यावरून बोलायचं म्हटलं की घशाखाली उतरत नाही. फुप्पी म्हणते, "लिख दे ना माफी, हाथ घिसता है क्या?" घिसता है फुप्पी. बहुत घिसता है.

२१ जाने.

अब्बा येऊन गेले. यवतमाळच्या जिनिंगमध्ये फिटर आहेत, इथल्या एका जिनिंगचं रोलर दुरुस्त करायला आले होते, हात काळे तसेच घरी. फुप्पीने त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलेलं. मला वाटलं चल म्हणतील.

चहा बशीत ओतून म्हणाले, "ये बादशाह कौन निकाला तूने? मौलवीसाब ने हमको जमशेद बताया, फरीदून बताया, कैकाऊस, कैखुसरो. ये नाम तो सुना नहीं."

खरंच की. लहानपणी अब्बांकडून ऐकलेल्या इराणी बादशहांत ना दायोक्कू, ना सायरस, ना दारयवहु (डरायस). ज्यांनी अर्धं जग जिंकलं ते स्वतःच्याच लोकांच्या गोष्टींत नाहीत. ग्रीकांना माहीत, असिरियाला माहीत, घरच्यांना माहीत नाहीत! मी एवढी उठून नाचायला लागले की अब्बा घाबरले.

जाताना म्हणाले, "दारव्हेवाले पूछ रहे थे." मी त्यांची पिशवी उचलून पुढे चालू लागले. मग तेच म्हणाले, "बोल दूँगा, अभी इम्तहान के दिन हैं." कुणाची परीक्षा ते त्यांनी सांगितलं नाही. माझे अब्बा. रडू आलं मला बस सुटल्यावर.

२३ जाने.

केलं. दोन नंबरचं काम केलं, माझ्या पद्धतीने.

फळ्यावर तीन रकाने. ग्रीक काय म्हणतो, असिरियाचा लेख काय म्हणतो, इराणी लोकांच्या गोष्टी काय म्हणतात. पहिल्यात दायोक्कू न्यायी, मग राजा. दुसऱ्यात पकडलेला सरदार. तिसरा रकाना रिकामा. म्हटलं, आता सांगा.  मग उचक्यावाली विमल उठली. "मंग खरा कोनता, बाई?"

"तेच तर. तुम्हाला काय वाटतं? आणि कशावरून?"

असा तास माझ्या आयुष्यात झाला नव्हता. ग्रीक लांबचा, त्याला काय पडलंय म्हणून तो खरं सांगेल, असं एक जण. असिरियाचा राजा शत्रू, तो छोटाच दाखवणार, असं दुसरी. घंटा झाली तरी उठेनात. मी इतकी खूश होते की खडूचा हात साडीला पुसला.

२४ जाने.

खूश राहायला एकच दिवस मिळाला. गावात उठलंय की बाईने सांगितलं, दायोक्कू पकडला जाणार आणि त्याची गावाबाहेर रवानगी होणार. म्हणजे मी दादासाहेबांच्या निवडणुकीचं भविष्य वर्तवलं!

हे.मा. डोकं धरून. "आधी तं नुसता थुंकत होता, आता त्याले हद्दपार केलं तुमी."

"खोटी आहे असं सांगा म्हणालात. खोटी कशावरून ते सांगितलं."

आठवीचा इतिहास काढून घेतला. त्या तासाला मी पाचवीला शिवण शिकवायची. मला नीट टाका घालता येत नाही.

२६ जाने.

झेंडावंदन, अध्यक्ष दादासाहेब. पहिल्यांदा जवळून पाहिले. उंच, मिशा पांढऱ्या, धोतर स्वच्छ. आठवी ब पहिल्या रांगेत. एकही मूल हसलं नाही. ओठ दाबून, माना ताठ, डोळे समोर, मयताला आल्यासारखी. दादासाहेबांनी भाषणात लग्नाच्या वरातीतल्या बैलाचा विनोद केला. सगळी शाळा हसली, आठवी ब दगड. दोन वेळा त्यांनी त्या रांगेकडे पाहिलं.

मी कुणाला काही शिकवलेलं नव्हतं. पण अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

१२ फेब्रु.

सहावा रोजा. बंगल्यावरून बोलावणं. गुरखा, कारकून, चिठ्ठी, बाक. बाकावर माझ्याआधी चार माणसं आणि एक म्हातारी, अन्साबाई. तिच्या शेताचा धुरा शेजाऱ्याने नांगरून टाकला, महिनाभर येऊन राह्यली म्हणते. मी कोण ते तिला लगेच कळलं. "तूच का ते राजावाली मास्तरीन?"

"हो."

"पह्यले याले भेटाले चिठ्ठी नोती लागत, बाई. त्या चिचीखाली बसे. मीच तंबाकू देत होती त्याले." मग तिने सांगितलं, त्यांची तेव्हाची रीत काय होती. दोघे भांडत आले की आपली बाजू मांडू द्यायचे नाहीत. समोरच्याची बाजू तू सांग म्हणायचे. ती समोरच्याच्या मनासारखी सांगेपर्यंत सोडायचे नाहीत. मग त्याने तुझी सांगायची. "अर्धे भांडनं तं तिथंच मिटत. मानसाले लाज वाटे ना, बाई."

माझं डोकं गरगरलं. रोजा होता म्हणून असेल. पण खरं म्हणजे मत्सर वाटला. मी तीन रकाने पाडून जे करायला बघत होते ते हा माणूस चिंचेखाली बसून करत होता. आणि सोडून दिलं!

(तेच पुढे) आत बोलावलं. ओरडले नाहीत. खुर्ची दिली. पाणी मागवलं, मी रोजा सांगितला तर परत पाठवलं आणि स्वतःही प्याले नाहीत. हे लिहिलंच पाहिजे.

"त्या राजाचा शेवट काय झाला, बाई?"

"ग्रीक म्हणतो पुष्कळ वर्षं राज्य करून मेला."

"सुखानं?"

"तसंच दिसतं."

"मंग त्यात वाईट काय हाय?"

"वाईट आहे असं मी म्हटलंच नाही. मुलं हसली."

टाइप केलेला कागद पुढे सरकवला. गोष्ट खोटी आहे आणि मी ती द्वेषाने सांगितली. सही तेवढी करायची. "खोटीच हाय नं? हेडमास्तर सांगत होता तुमीच वर्गात म्हटलं म्हनून."

"असेलही खोटी. ते मी वर्गात पुराव्याने सांगेन. तुमच्या कागदावर नाही सांगणार. आणि द्वेषाने तर नाहीच, तुम्हाला मी ओळखतही नव्हते."

"नोकरी जाईल, बाई."

मग मी काय बोलले त्यावर अजून माझा विश्वास बसत नाही. "जाऊ द्या. पण आधी हे भांडण तुमच्या रीतीने सोडवा. चिंचेखाली. मी तुमची बाजू सांगते, तुम्ही माझी सांगा."

त्यांनी कागद परत आपल्याकडे ओढला.  मग म्हणाले, "या तुमी." बाहेर येऊन अन्साबाईच्या शेजारी परत बसले.

२१ फेब्रु.

नऊ दिवस काही नाही. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या गडबडीत शाळेला सुट्टी. फुप्पी रोज इफ्तारीला विचारते, "बुलाया क्या?" हे.मां.नी स्टाफरूममध्ये माझ्या जागी येऊ शकणाऱ्या एका बाईंचं नाव सहज म्हणून काढलं.

आज अन्साबाई शाळेच्या फाटकाशी. कारकुनाने तिला सांगितलं आणि तिने गावभर. ४ मार्चला, रविवारी, चिंचेखाली. दादासाहेब येणार.

२८ फेब्रु.

आता त्यांची बाजू सांगायची तर ती माहीत हवी. अन्साबाईला विचारलं, कारकुनाला विचारलं, फुप्पीच्या नवऱ्याला, फुप्पाला विचारलं. फुप्पा दुरुस्तीला आलेल्या ट्रकखाली पडूनच बोलला, "उनकी घरवाली दो साल बीमार थी. लोग आँगन में बैठे रहते थे. जिस दिन गई उस दिन भी दो पार्टी बैठी थी." बस इतकंच. पाना मागितला आणि पुन्हा कामाला लागला.

मला हे नको होतं. मला राग हवा होता, तो नीट तापवून ठेवला होता. आता त्या बंगल्याची निळी भिंत दिसली की मान खाली घालून पुढे जाते. पण माफी नाही. समजणं वेगळं, सही वेगळी.

४ मार्च

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दुपार, ऊन. चिंचेखाली शे-दीडशे माणसं, आठवी ब झाडून हजर. दादासाहेब पूर्वी बसायचे तो दगड मोकळा ठेवला, कारण ते आज पक्षकार. न्याय कोण देणार याचा विचार कुणीच केला नव्हता.

आधी मी.  सांगितलं की एका माणसाकडे लोक येतात. पहाटे येतात, जेवताना येतात. तो एकालाही परत पाठवत नाही. अंगणभर माणसं, भिंती पानाने लाल. आत त्याची बायको आजारी. ती हाक मारते, तो म्हणतो आलो, आणि समोर दोन भाऊ विहिरीवरून भांडत असतात. ती जाते त्या दिवशीही भांडणवाले बसलेलेच असतात. मग तो भिंत बांधतो. एक बांधून भागत नाही, दुसरी बांधतो. त्याला वाटतं, हे आधीच बांधलं असतं तर. आणि मग गावातली मुलं त्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून हसतात.

"असंच आहे ना, दादासाहेब?" रीतीप्रमाणे विचारलं. त्यांनी मान फिरवली. पानं पडत होती तिकडे बघत राहिले. 

मग ते उठले. गोष्टच सुरू केली, पहिल्यापासून. "दायोक्कू म्हनून एक मानूस होता, खेड्यातला..." माझ्याहून चांगली सांगितली. हसायची, थुंकायची बंदी आली तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "हासा आता." आधी कुणी हसेना. मग विमल हसली आणि सगळे. तेही. मग पुढे:

"ही बाई बाहेरगावची. इले माहा बंगला ठाऊक नोता. पुस्तकात होतं ते सांगतलं. पोट्ट्याईनं माहं नाव लावलं, इनं नाही. मंग आमी म्हटलं, खोटं हाय म्हून सांग. तिच्याही मनात शंका होती, गोष्ट खरी का नाही म्हून. पन तिले वाटलं, आज याच्या सांगन्यावरून हे खोटं म्हटलं, तं उद्या वर्गात खरं काय सांगू? आन् पोट्ट्याईनं माह्यावर इस्वास काहून ठेवावा?" माझ्याकडे वळले. "असंच हाय ना, बाई?"

असंच होतं. हे मी त्यांना कधी बोलले नव्हते. कुणालाच नाही. कसंबसं "हो" म्हटलं.

कुणीतरी ओरडलं, "निकाल?" दादासाहेब म्हणाले, "मी भांडनातला हाय, मी कसा देऊ?" आणि धोतर सावरत बंगल्याकडे निघून गेले. लोक थांबले थोडा वेळ, मग पांगले. अन्साबाई माझा हात धरून म्हणाली, "माह्या धुऱ्याचं राह्यलंच, बाई." तिच्याबरोबर मी हसले, मग खूप रडले.

५ मार्च

कायम करायचं की नाही, कुणी बोलत नाही. संस्थेची सभा एप्रिलमध्ये, अध्यक्ष तेच. बाजू सांगून झाली म्हणून मन बदललं असं मी धरून चालत नाही. अन्साबाईसाठी चिठ्ठीचा नियम आजही तसाच आहे.

हे.मां.नी आठवीचा इतिहास परत दिला. म्हणाले, देऊ नका असं आज कुणी म्हटलं नाही म्हणून. मग आवाज खाली करून, "आता एकदम सायरसवर जा, बाई. मधला तो अस्त्यागस गाळून टाका. हात जोडतो."

अस्त्यागस, मीडांचा शेवटचा राजा. त्याच्या स्वतःच्याच लोकांनी त्याच्याविरुद्ध उठून त्याला सायरसच्या हाती दिलं. दायोक्कूबद्दल निदान शंका होती. इथे ग्रीकाची गोष्ट आणि बाबिलोनची मातीची कोरीव पाटी, दोघे एकमेकांना न विचारता एकच सांगतात. खोटं म्हणायलाही जागा नाही.

म्हटलं, "सर, गाळता येणार नाही."

ते खिडकीतून बंगल्याच्या दिशेला बघत होते. उद्या तिसरा तास आहे. अस्त्यागसापासून सुरू करणार.